चौतिसाव्या नंबरचा फ्लेक्स

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, १ जुलै २०२५

चि. राजनंदिनी हिस,
आज्जीचे अ. उ. आशीर्वाद. दृष्टीची मीठमोहरी मी इथूनच ओवाळून टाकली आहे, ती तिकडं पोचली असं समज.

तुझा फोटो आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तुझ्या आईनं, तनुजानं, फोन माझ्या नाकापुढं धरला आणि निवडलेली मेथी, न निवडलेली मेथी सगळी एक झाली. फोटोत तू सगळ्यांच्या पुढं. तुझ्यापुढं नुसता मोकळा रस्ता आणि मागं त्या गोऱ्या पोरींची ही रांग, रेशनच्या दुकानापुढं असते तशी. मी म्हटलं, बघ, पहिली आली. तनुजा म्हणाली, थांबा हो आत्या, तिनं काही लिहिलेलं नाही, नुसता फोटो टाकलाय. मी म्हटलं, लिहायला कशाला पाहिजे, दिसतंय की. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला सगळं स्वच्छ दिसतं.

बाई गं, बेल्जियम कुठं आणि बिबवेवाडी कुठं! पाच पोरी आणि एक बद्रीनाथ सर, महिनाभर त्या परमुलखात. तिथल्या गावांत जत्रेला सायकलची शर्यत असते असं तू निघताना सांगितलंस, तेव्हापासून मला त्या देशाबद्दल आपलेपणा वाटतो. आपल्या जत्रेला बैलगाडे आणि कुस्त्या, त्यांच्या जत्रेला सायकली. त्यांचा देव कोणता आणि प्रसादाला काय असतं, ते विचारून कळव. नुसतं उकडलेलं खाऊ नकोस.

कागदावर लिही. फोनवर बोललेलं माझ्या डोक्यात राहत नाही, कागदावरचं राहतं. मला दुसरीतून काढलं शाळेतून, पुढचं सगळं तू शिकवलंस, तू पाचवीत असताना, हातात पट्टी घेऊन. तेव्हा आता सोस. मी वहीत लिहिणार, तनुजा त्याचा फोटो काढून तुला धाडणार. तू कागदाचा फोटो धाड, चौकातला झेरॉक्सवाला शुभंकर तो मोठ्या अक्षरात काढून देतो. देण्याआधी स्वतः वाचतो, ते मला ठाऊक आहे. वाचल्याशिवाय अक्षर किती मोठं करायचं ते कळत नाही म्हणतो.

आता खरी बातमी. शुभंकरकडं झेरॉक्सच्या जोडीला फ्लेक्सचंही काम असतं. तुझा फोटो बघून तो म्हणाला, आज्जी, लोकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स टांगून हात दुखले, एकदा तरी कामाचा लावू द्या. संध्याकाळपर्यंत चौकात लागलासुद्धा. मधोमध तू, आणि वर लिहिलंय, बेल्जियम येथील सायकल शर्यतीत प्रथम क्रमांक मिळवल्याबद्दल कु. राजनंदिनी हिचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतले अकरा चेहरे, बारावा शुभंकरचा स्वतःचा, गॉगल लावून. माझा फोटो तुझ्या आत्याच्या लग्नातला घेतलाय. त्यात मी रागावलेली दिसते, कारण नेमकं तेव्हा श्रीखंड कमी पडलं होतं. पेढे वाटले. रिक्षास्टँडवाल्यांनी दोनदा घेतले, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गुडघा बरा आहे. तुझ्या बापानं, रणजितनं, काल फ्लेक्सखाली गाडी लावली आणि उगाच टायर बघत बसला अर्धा तास. कुणी अभिनंदन करायला आलं की म्हणायचा, हो का, लावलाय का फ्लेक्स.

कळावे. लोभ आहेच, पण चाकातल्या हवेसारखा तोही मधूनमधून दाबून बघत जा.

तुझी, आता चौकात सगळे ओळखतात अशी,
आज्जी बायडाबाई


बेल्जियम, बटाट्याच्या शेतामागचं घर
३ जुलै २०२५

ती. आज्जीस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा तुला कसं सांगायचं ते ठरवायला वाचलं.

आज्जी, मी पहिली नाही आले. चौतिसावी आले. सत्तर जणींत.

तो फोटो शर्यत संपतानाचा नाही, मधला आहे. सात चकरा होत्या, त्यातली चौथी. मी पुढं होते कारण सरांनी मला पुढं राहायला सांगितलं होतं. इथं वारा फार. जी पुढं असते ती वारा अंगावर घेते, तिच्या मागच्या चाकाला चिकटून जी येते तिला खूप कमी जोर लावावा लागतो. आमच्यातली शेफाली, सदाशिव पेठेतली, शेवटच्या दोनशे मीटरला जबरदस्त सुटते. म्हणून सरांचा प्लॅन असा, की राजनंदिनीनं शेफालीला वाऱ्यातून ओढत न्यायचं आणि शेवटी सोडून द्यायचं. मी ओढलं. शेवटच्या चकरेत माझे पाय संपले आणि त्या फोटोतल्या रांगेतल्या पोरी एकेक करून माझ्या पुढं गेल्या. शेफाली नववी आली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. मला एकीनं पाण्याची बाटली दिली.

तो फ्लेक्स काढायला सांग, असं लिहिणार होते. पण आता नको काढूस. लोकांनी पेढे खाल्लेत, बाबा तिथं टायर बघत बसलेत. रविवारी १३ तारखेला शेवटची शर्यत आहे. त्या दिवशी मी कुणाला ओढणार नाही. स्वतःसाठी पळणार आणि तुझा फ्लेक्स खरा करून दाखवणार. सरांना सांगितलेलं नाही, शेफालीलाही नाही. सरांचा नियम आहे, नेमून दिलेलं काम टाकून जी स्वतःसाठी पळेल ती पुढच्या वर्षी टीममध्ये नाही. होऊ दे.

शुभंकरदादा, हे वाचत असशील तर तोंड बंद ठेव.

इथला देव येशूच आहे. प्रसादाला बटाट्याचे तळलेले काप, वर मेयोनीज.

कळावे, लोभ असू दे. फ्लेक्सवरचा नसला तरी घरातला.

तुझी चौतिसावी,
नंदू


बिबवेवाडी, पुणे
शनिवार, ५ जुलै २०२५

चि. नंदूस,
आज्जीचे अ. उ. आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी माफीसुद्धा.

तुझं पत्र शुभंकर घडी घालून घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं. एरवी तो चौकातूनच ओरडत येतो. या वेळी चप्पल काढून, मान खाली घालून आत आला. अक्षरही नेहमीपेक्षा बारीक काढलं होतं. बिचाऱ्याला वाटलं असेल, वाईट बातमी बारीक असलेली बरी.

चूक माझी आहे. ऑपरेशन डोळ्यांचं झालं, अकलेचं राहिलं. मी विळा घेतला आणि थेट चौकात गेले, दोऱ्या कापून टाकते म्हणून. शुभंकर शिडी धरून उभा. तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटरवरून आले आणि म्हणाले, अभिनंदन, तुमची नात का? मी म्हटलं, नात माझीच, पण पहिली नाही, चौतिसावी. किती जणींत, म्हणाले. सत्तर जणींत, म्हटलं. तर म्हणतात कसे, मग उरलेल्या छत्तीस जणींच्या आज्ज्यांनी काय करायचं? आणि गेले.

मी शिडीवर विळा घेऊन तशीच थांबले. रणजित खालून ओरडत होता, आई उतर, आई उतर. मला वाटलं, हा खाली ओढला तर लोक म्हणतील पोरीनं काहीतरी वाईट केलं. पोरीनं काय केलंय? खोटं तर मी लिहवून घेतलं. मग खोटं तेवढं झाकू.

शुभंकरनं प्रथम या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली आणि वर लाल रंगानं लिहिलं, ३४ वा. बाकी सगळं तसंच. गॉगल तसाच, श्रीखंडाचा रागही तसाच. नंदू, पुण्यात एवढे फ्लेक्स लागतात, पण चौतिसाव्या नंबरबद्दल हार्दिक अभिनंदन करणारा हा एकटाच असेल. पहिला नंबर होता तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता लोक गाड्या थांबवून वाचतात. एक कॉलेजची मुलगी त्याच्याखाली उभी राहून स्वतःचा फोटो काढून घेऊन गेली. म्हणाली, माझ्या घरी दाखवते.

म्हणजे फ्लेक्स आता खरा झाला आहे. तो खरा करायला तू जिवाचं रान करू नकोस.

आता त्या वाऱ्याचं. तू लिहिलंस ते मला लगेच कळलं, तनुजाला कळलं नाही, ती शिकलेली आहे. आपल्या सोसायटीचं पार्किंग आहे ना, तिथून पार खालच्या नाल्यापर्यंत तेव्हा रानं होती. कुणाचं नांगरायचं अडलं, कुणी आजारी पडलं, की इर्जिक व्हायची. म्हणजे सगळ्या आळीनं आपापले बैल, आपापले नांगर घेऊन त्याच्या रानात जायचं आणि एका दिवसात अख्खं रान उलथून द्यायचं. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच कायदा. बायका वाकून भाकऱ्या थापायच्या, गडी भलरीची गाणी म्हणायचे, आवाज पार टेकडीपर्यंत जायचा.

पण उन्हानं तापलेली जमीन पहिल्या नांगराला दगडासारखी लागते. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, धरायला ताकदीची जोडी लागते. एकदा ते फुटलं की मागच्यांना सोपं जातं. तुझ्या आजोबांची जोडी कायम पहिली असायची. आळीतल्या सोनबाच्या रानात तर तीन वर्षं ओळीनं. ज्वारी आली सोनबाच्या घरी, कडब्याचे पाचुंदे रचले सोनबाच्या अंगणात. मी एकदा यांना विचारलं, एवढे बैल दमवले, तुम्हाला काय मिळालं? तर म्हणाले, भूक लागली व्हती, जेवलो. एवढंच बोलायचे ते. पुणं जवळ असल्याचा परिणाम, शब्द मोजून.

हे वाचून तू ओढच, असं मी म्हणत नाही. तुला जिंकावंसं वाटतं म्हणून जिंक, माझी काही हरकत नाही, पेढे परत वाटीन. माझ्या फ्लेक्ससाठी मात्र जिंकू नकोस. आणि त्या शेफालीला माझ्या नावानं विचार, नऊ नंबर आला तो इर्जिकीचा होता, जेवण कधी घालतेस?

मेयोनीज म्हणजे काय ते शुभंकरनं सांगितलं. प्रसादाला अंडं कसं चालतं?

कळावे. लोभाचं पहिलं तास कधीच पडलंय, तू नुसती मागून ये.

तुझी,
आज्जी


बेल्जियम
८ जुलै २०२५

ती. आज्जीस,
नंदूचा शि. सा. न.

फ्लेक्सचा फोटो आईनं पाठवला. टीममध्ये सगळ्यांनी पाहिला. शेफाली हसता हसता खुर्चीवरून खाली बसली. म्हणाली, आमच्याकडे पंच्याण्णव टक्के पडले तर उरलेले पाच कुठं गेले विचारतात.

तुझं इर्जिकीचं पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. सरांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. शेफालीनं विचारलं, जेवण घालायचं म्हणजे काय काय करावं लागतं? तिला चहासुद्धा येत नाही. मी म्हटलं, ते तू आणि माझी आज्जी बघा.

पण तुला खोटं कशाला सांगू? फ्लेक्ससाठी नाही, तरी मला जिंकायचंय. पाय फार चांगले आहेत. दोन वर्षं रोज पहाटे मी सायकलवर पुढं आणि बाबा स्कूटरवर मागं, असा कात्रजचा घाट चढले, तो दुसऱ्या कुणाचा वारा अडवायला नाही. सरांनी रविवारी पुन्हा तेच काम दिलंय. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलवली, ते माझं मलाच माहीत नाही.

कळावे, लोभ वाढता नसला तरी चढता असू दे.

नंदू


बिबवेवाडी, पुणे
शुक्रवार, ११ जुलै २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद, आशीर्वाद.

घाईत लिहिते, कारण रविवारच्या आत पोचायला हवं. काल आपल्याकडं कोण आलं असेल? शेफालीची आजी, हेमाताई. सदाशिव पेठेतून रिक्षा करून, एकट्या. शाळेत मास्तरीण होत्या. आधी चौकात उतरून फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, पेपर तपासतात तसा. मग मला म्हणाल्या, फ्लेक्सवर खरं लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, हा गॉगलवाला कोण?

चहा अर्धाच कप हवा म्हणाल्या, थालीपिठं मात्र तीन खाल्ली. नंतर पदर सावरून सरळ विचारलं, शेफालीला वाटतंय की तुमची नात या वेळी तिला ओढणार नाही, खरं का? म्हणजे नंदू, ती पोरगी ओळखून आहे. पण सरांना एका शब्दानं बोललेली नाही. हेमाताई तिला म्हणाल्या होत्या, सांग सरांना. तर शेफाली म्हणाली, ती आत्तापर्यंत पुढं होती तेव्हा मी काही बोलले नाही, आता कुठल्या तोंडानं बोलू.

मी हेमाताईंना सांगितलं, मला ठाऊक नाही, आमची नंदूच ठरवेल. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. माझी असती तर मी ठरवून दिलं असतं, म्हणून तर ती माझ्याशी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. जाताना त्यांनी थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण लिहून घेतलं. मी प्रमाण सांगितलं, हात सांगितला नाही.

शर्यतीच्या आधी बटाटा खाऊ नकोस, वात धरतो. घाट उतरताना करतेस तसं तोंड उघडं ठेवू नकोस.

कळावे. तू कशीही आलीस तरी लोभ दाराशीच उभा असेल, त्याला दुसरं काम नाही.

तुझी,
आज्जी


बेल्जियम
सोमवार, १४ जुलै २०२५

ती. आज्जीस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

मी अठ्ठावन्नावी आले. अठ्ठावन्न जणींत.

थांब, रणजित रणजित म्हणून हाका मारू नकोस, पडले नाही, लागलं नाही. नीट सांगते.

आठ चकरा होत्या. सहावीत चर्चपुढचा चढ आला आणि मी सुटले. कुणाला सांगितलं नाही, मागं पाहिलं नाही. चौघी माझ्याबरोबर आल्या, आणि थोड्या वेळानं श्वास ऐकू आला म्हणून वळून बघितलं, तर शेफालीही एकटीच मागून येऊन मिळाली होती. आम्ही सहा जणी पुढं, बाकी सगळा घोळका मागं दीड मिनिटावर. आज्जी, मला दिसत होतं की आपण जिंकू शकतो. इतर पोरींचे पाय बघितले की कळतं. शेफाली माझ्या मागं होती, पण मला पुढं हो म्हणाली नाही, ओढ म्हणाली नाही.

दीड चक्कर राहिली आणि दगडी रस्त्याच्या वळणावर तिचं पुढचं चाक पंक्चर झालं. सुटी चाकं घेऊन येणारी गाडी घोळक्याच्याही मागं. ती हात वर करून कडेला थांबली. माझ्या मनात आधी काय आलं सांगू? बरं झालं. खरंच तेच आलं. त्यानंतर तू आलीस, शिडीवर, विळा घेऊन.

ब्रेक कधी दाबला ते आठवत नाही. मागं पळत गेले, माझं पुढचं चाक काढलं आणि तिला दिलं. ती घेईना. जा, तू जा, असं ओरडायला लागली. मी म्हटलं, वाद घालू नकोस, तुझ्या आजीनं आमच्याकडची तीन थालीपिठं खाल्लीत. तिनं चाक बसवलं आणि अशी गेली, की तशी ती कधी गेलेली मी बघितली नव्हती. आज्जी, तिसरी आली ती! आपल्या टीमची पहिल्या तिघींत आजपर्यंत कुणी आली नव्हती.

मी एका चाकाची सायकल धरून चार मिनिटं उभी. शेजारी एक आजोबा बटाट्याचे काप खात होते, त्यांनी पुडा माझ्यापुढं धरला. मी खाल्ले. वात धरला नाही. मग गाडी आली, चाक मिळालं आणि उरलेली दीड चक्कर मी एकटीनं मारली. शेवटी पोचले तेव्हा जत्रेतला बँड थांबला होता. मला बघून त्यांनी परत सुरू केला.

सर म्हणाले, न विचारता पुढं गेलीस ते मी पाहिलं, आणि थांबलीस तेही पाहिलं. मी विचारलं, म्हणजे पुढच्या वर्षी टीममध्ये आहे की नाही? म्हणाले, आहेस, पण जायच्या आधी सांगत जा, आपण तसा प्लॅन करू.

रात्री थोडं रडू आलं. जिंकता आलं असतं, ते गेलंच. ते गेलंय असं मी तुलाच लिहिते आहे, बाकी कुणाला नाही. शुभंकरदादा सोडून.

अठ्ठावन्नचा फ्लेक्स करू नकोस, असं लिहिणार होते. पण कर.

कळावे, लोभाला नंबर नसतो हे बरं आहे.

तुझी,
नंदू

ता. क. याच कागदाच्या मागं शेफालीनं लिहिलंय.

ती. बायडाआज्जींना, शेफालीचा सा. न. वि. वि. आपली ओळख नाही, तरी आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. इर्जिकीचं जेवण आज घातलं. मुगाची खिचडी केली. खालून करपली, वरून कच्ची राहिली, मध्ये एक थर बरा होता, तो राजनंदिनीला वाढला. सरांनी दोनदा घेतली, बहुधा शिक्षा म्हणून. शर्यतीत मी तिसरी, स्वयंपाकात अठ्ठावन्नावी. तिचं चाक अजून माझ्याच सायकलला आहे. ती मागत नाही आणि मी देत नाही. आजीला मी काल पंचवीस मिनिटं फोन केला. लोभ असावा असं लिहायचा मला अजून हक्क नाही, पण भाजणीचा खरा हात शिकवलात तर मिळवीन.


बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, १७ जुलै २०२५

चि. राजनंदिनी आणि चि. शेफाली, दोघींस,
आज्जीचे अ. उ. आशीर्वाद. शेफाली, पहिलं पान तुझंही आहे. दुसरं वाचू नकोस, ते नंदूचं आहे. वाचशील ते मला माहीत आहे.

पत्र घेऊन शुभंकर चौकापासून ओरडत आला. अक्षर एवढं मोठं काढलं होतं की एका पानावर पाचसहाच ओळी, सगळी मिळून वीस पानं झाली. मला चष्म्याशिवाय वाचता आलं, आणि मी मोठ्यानं वाचलं. तनुजा ओट्याशी पाठ करून उभी होती, भाजी करपली तरी वळली नाही. रणजित टायर बघायला खाली गेला.

फ्लेक्सवर नवी पट्टी लागली. शुभंकरनं विचारलं, शेवटचा असं लिहू का? मी म्हटलं, नंबर लिही, आणि कितीत तेही लिही. तेव्हा आता, ५८ पैकी ५८ वा क्रमांक मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. कालपासून मी चौकात भाजी आणायला गेले की तासभर परत येत नाही. ज्याला त्याला चाकाचं सांगावं लागतं. ते स्कूटरवाले गृहस्थ परत आले होते. त्यांनी वाचलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, आता बाकीच्या आज्ज्यांची काही तक्रार नसावी. शुभेच्छुकांत हेमाताईंचा चेहरा वाढलाय. त्यांनी स्वतः फोटो आणून दिला आणि गॉगलवाल्याच्या शेजारी नको म्हणाल्या. शुभंकरनं नेमका तिथंच लावला.

तुम्ही शनिवारी याल तेव्हा जेवण सदाशिव पेठेत, हेमाताईंकडं. रान त्यांचं, जेवणही त्यांचंच. करपलेली खिचडी मी धरत नाही. थालीपिठाला मात्र हात माझा.

आता नंदू, हे तुझं.

मागच्या पत्रात मी तुला सोनबाच्या रानाचं अर्धंच सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी दुपारी सोनबाचा एक बैल लंगडायला लागला. आपलं रान आणि आपलाच नांगर बंद, तो रडकुंडीला आला. यांनी काय केलं? आपल्या जोडीतला एक बैल सोडला, त्याच्या जुवाला लावून दिला, आणि स्वतः दुसऱ्याचा कासरा धरून बांधावर बसून राहिले. कायम पहिला असणारा यांचा नांगर दिवसभर आडवा पडलेला. भाकऱ्या घेऊन आम्ही बायका गेलो तर सगळे हसत होते. मलाही हसले. मला एवढी लाज वाटली गं, की मी आठ दिवस यांच्याशी बोलले नाही. का दिलात असं विचारलंच नाही. चारचौघांत माझं हसं केलंत, एवढंच म्हटलं. नवव्या दिवशी मीच बोलले, कारण पीठ संपलं होतं.

एवढ्या वर्षांत मला ते कधी आठवलं नाही. तुझं पत्र वाचताना, तू एका चाकाची सायकल धरून उभी होतीस ना, तिथं मला हे दिसले, बांधावर कासरा धरून. आणि पहिल्यांदा मनात आलं की त्यांनाही पुढं जायचं असेल. त्यांनाही ते गेल्याचं वाटलं असेल. तू निदान मला लिहिलंस. त्यांनी कुणाला सांगायचं होतं? घरात मी होते, पण बोलत नव्हते.

काल जेवणं झाल्यावर मी त्यांच्या फोटोपुढं पाट मांडून बसले आणि तुझं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, वीसच्या वीस पानं. मग म्हटलं, तेव्हा माझं चुकलं. फोटोतून काय उत्तर येणार? पण असते तर काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. म्हणाले असते, बरं, आता वाढ.

मी ताट वाढून ठेवलं.

ये लवकर. तो फ्लेक्स तू आल्यावर तुझ्याच हातानं काढ. पावसात तुझ्या सायकलीवर घालायला होईल, नंबर वरच्या बाजूला.

कळावे. चाक तिच्याकडं राहिलं तर राहू दे, लोभ घेऊन ये.

तुझी,
आज्जी बायडाबाई